घड्याळबाईची घाई

सगळ्या इस्पितळात तिला घड्याळबाई म्हणत, आणि म्हणणारे ते काही लाडाने म्हणत नसत. लॅबमधून तिचा फोन आला की ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सा एकमेकींकडे बघून डोळे फिरवत. प्रश्न ठरलेला: "गाठ किती वाजता काढली आणि फॉर्मालिनमध्ये किती वाजता टाकली?" समोरून "अंदाजे" असा शब्द आला की मेलीच ती नर्स. "अंदाजे? घरी जाताना अंदाजे निघता का हो? तेव्हा बरा काटा दिसतो!" एकदा एका वॉर्डबॉयने काढलेली गाठ कोरड्या भांड्यात घालून, वर कापड झाकून, वाटेत चहा पिऊन आरामात आणली. त्याची तिने अशी काही हजेरी घेतली की तो पुढे कितीतरी दिवस लांबच्या जिन्याने ये-जा करत होता.

ती पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. केस काळे होते तेव्हापासून तिथेच. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा तिच्या टेबलावर यायचा. तो कुजू नये म्हणून फॉर्मालिनच्या द्रावणात नीट मुरवायचा, मग त्यातलं पाणी काढून मेण भरणाऱ्या मशीनमधून काढून मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे आणि रंगवायचे. पुढचं काम डॉक्टरमॅडमचं. मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून निदान करायच्या. फॉर्मालिनचा वास घड्याळबाईच्या हातांना इतका बसला होता की सासूबाई म्हणायच्या, "हिने कणीक मळली की पोळीला दवाखाना लागतो."

छातीच्या कॅन्सरला तर नुसतं "कॅन्सर आहे" म्हणून भागत नाही. कुठल्या जातीचा आहे ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही. त्यासाठी पेशींवरच्या तीन खुणा शोधतात. दोन हार्मोनच्या आणि तिसरी हर-टू नावाची. खूण असेल तिथे काचेवर तपकिरी रंग धरतो. तपकिरी दिसलं की औषधाला पकडायला जागा आहे असं समजायचं. हार्मोनवाल्यांना गोळ्या, हर-टूवाल्यांना नेमकी इंजेक्शनं. आणि तिन्ही काचा कोऱ्या निघाल्या तर तो सगळ्यात आडदांड प्रकार, ट्रिपल निगेटिव्ह. त्याला ना गोळी लागू पडते ना ते इंजेक्शन. बहुतेक भिस्त जोरदार केमोवर, आणि बरा झाला म्हणेपर्यंत उलटायची त्याला घाई. आता मेख अशी, की तुकडा फॉर्मालिनमध्ये पुरता मुरला नाही तर असलेली खूणसुद्धा रंग धरत नाही. काच कोरी येते, आणि ती खरीच कोरी आहे की कामात कसर राहिली म्हणून कोरी आहे, ते चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. घड्याळबाई घड्याळासाठी जिवाचं रान करायची ती याच्यासाठी.

घरी चार माणसं. नवरा छापखान्यात होता आणि मशीनच्या आवाजात बोलायची सवयच मोडल्यासारखा गप्प असायचा. ती कसर सासूबाई भरून काढायच्या. चौथी बेबी, नवऱ्याची धाकटी बहीण. चाळिशी उलटली, कानाजवळ पांढरं दिसायला लागलं, तरी बेबीच. ती गाडी चालवायला शिकवायची. दोन ब्रेकवाली गाडी, टपावर पाटी, आणि शिकणाऱ्याच्या शेजारी बसून दिवसभर ओरडा. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "एकाच गड्याला जन्मभर शिकवत बसण्यापेक्षा रोज नवा बरा!" नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की सासूबाईंना त्याचाच जाच. दोघी कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या की आतून खिदळणं ऐकू यायचं आणि सासूबाई बाहेरून विचारायच्या, "माझ्यावरच हसताय ना ग भवान्यांनो?" बहुतेक वेळा त्यांच्यावरच हसत असायच्या.

गाठ सापडली ती सीटबेल्टमुळे. शिकायला आलेल्या एका बाईने कचकन ब्रेक दाबला, पट्टा छातीवर आवळला आणि बेबीला डावीकडे काहीतरी टणक रुतलं. संध्याकाळी घड्या घालताना तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

"वहिनी, इथे लिंबाएवढं काहीतरी आलंय ग. बघ जरा. तुझा तर धंदाच आहे."

हिने हात लावला. गाठ दगडासारखी होती आणि हलत नव्हती. काखेत आणखी एक होती, लहान.

"दुखतंय?"

"नाही ना. म्हणून तर लक्ष दिलं नाही."

"उद्या माझ्याबरोबर यायचं," ती म्हणाली. बेबीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा विनोद केला नाही.

सुईने तुकडे काढले ते सुट्टीच्या आदल्या दिवशी दुपारी. दोऱ्यासारखे बारीक, पांढुरके तुकडे, छोट्या बाटलीत. बाटली हिच्याच टेबलावर आली. लॅब पुढचे दोन दिवस बंद राहणार होती. त्या संध्याकाळच्या मशीनमध्ये तुकडे गेले तर सुट्टी संपताच काचा तयार. नाही गेले तर सगळंच लांबणार. आणि संध्याकाळच्या मशीनला लावायचे तर ते फॉर्मालिनमध्ये राहणार जेमतेम तास-दीड तास. लागते निदान अख्खी रात्र. दुसऱ्या कुणाचे तुकडे असते तर हिने विचारसुद्धा केला नसता. बाटली फळीवर ठेवून पर्स उचलली असती.

तेवढ्यात दारात नवरा. इतक्या वर्षांत तो लॅबची पायरी चढला नव्हता.

"अहो, तुम्ही इथे?"

"आईने पाठवलं. दोन दिवस बंद आहे म्हणे तुमचं."

"हो. आता सुट्टीनंतरच."

त्याने टेबलावरची बाटली उचलून पाहिली. मग म्हणाला, "बेबी काल खोलीतून बाहेर आली नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडलीय. तुझ्या हातात आहे ना हे?"

तुझ्या हातात आहे म्हटलं की भलेभले फसतात. त्यात हा माणूस वर्षातून एखादी गोष्ट मागणारा. तिने मनाशी हिशेब मांडला. मशीनच्या पहिल्या भांड्यांतही फॉर्मालिनच असतं, तुकडे बारीक आहेत, होऊन जाईल. हेच कारण दुसऱ्या कुणी दिलं असतं तर तिने त्याला उभा-आडवा सोलला असता. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे काय उगाच म्हणतात? तिने तुकडे उचलले आणि मशीनला लावले.

सुट्टी संपली. पहिल्या साध्या काचेवर मॅडमनी कॅन्सर सांगितला. तो सगळ्यांना अपेक्षितच होता, तरी घरात त्या दिवशी कुणी दिवा लावायलाही उठलं नाही. मग खुणांच्या काचा. हिने स्वतः रंगवल्या. प्रत्येक काचेच्या एका कडेला नमुन्याचा तुकडा असतो, ज्यात खूण आहे हे आधीपासून माहीत असतं. रसायनं नीट चालली का ते त्याच्यावरून कळतं. तो झकास तपकिरी झाला होता. बेबीचे तुकडे कोरे. पहिली काच कोरी, दुसरी कोरी, तिसरी कोरी.

मॅडमनी काचा पुन्हा पुन्हा पाहिल्या. "तुकड्यात दुधाची निरोगी नळी एकही आलेली नाही," त्या म्हणाल्या. "ती असती तर बरं झालं असतं. निरोगी नळीवर हार्मोनची खूण असतेच. ती तपकिरी दिसली असती तर म्हटलं असतं, तुकडा चांगला मुरलाय, टेस्ट खरी आहे. किती वेळ ठेवला होतास?"

खोटं बोलता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. तिने सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तू?"

एवढंच. त्या एका शब्दाने तिची मान जी खाली गेली ती वर येईना.

"मग यावर मी सही करू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "खुणा असतीलही आणि घाईने गेल्या असतील. नसतीलही. पुन्हा सुई लावावी लागेल."

घरी तिने सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता, जेवणाच्या टेबलापाशी उभी राहून. सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा लगेच सुटला. "जगाला घड्याळ शिकवते आणि घरच्या माणसाच्या वेळी दिव्याखाली अंधार! पी हळद नि हो गोरी असं असतं का ग? माझ्या लेकीला पुन्हा भोसकणार आता!" स्वतःच लेकाला लॅबवर धाडलं होतं हे त्या सोयीस्कर विसरल्या. नवऱ्याला आठवत होतं. तो ताटाकडे बघत राहिला.

बोलली ती बेबी. "थांब ग आई. वहिनी, मला नीट सांग. तिन्ही कोऱ्या आल्या, ते वाईट. पण तुझी चूक झाली असेल, तर कदाचित कोऱ्या नाहीतच?"

"कदाचित."

"मग मला ते गोळ्यावालं असू शकतं?"

"असू शकतं."

बेबी टेबलावर हात आपटून हसली. त्या गाठीनंतर पहिल्यांदाच हसली. "अति घाई संकटात नेई, अशी पाटी मी रोज पोरांना दाखवते. आणि माझ्या वहिनीने बरोबर तेच केलं! बाई ग, जन्मात एकदा गाढवपणा केलास, तो तेवढा पक्का निघू दे."

झालं. बुडत्याला काडीचा आधार मिळाला आणि काडी होती ती हिची चूक. त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. सासूबाई भिंतीकडचं तोंड इकडे करून उठून बसल्या. शेजारीण आली की तिला उत्साहाने सांगायच्या, "काही नाही हो, आमच्या सुनेने घोळ घातला. रिपोर्ट चुकलाय." नवरा बायकोच्या चुकीबद्दल दोनदा विचारून गेला. म्हणजे नक्की किती बिघडतं घाईने? बरंच बिघडतं ना? जणू ती जितकी नालायक ठरेल तितकी त्याची बहीण जगणार होती. आणि खरंच, प्रश्न तेवढाच होता.

तिचं स्वतःचं काय विचारता? केस पिकवून कमावलेलं नाव, एकही काच कधी फेकावी लागली नाही हा ताठा, सगळं तिने मनातल्या मनात ओवाळून टाकलं. भाजी चिरताना, केस विंचरताना, बसच्या रांगेत तिचा एकच जप चालायचा: मी माती खाल्लेली असू दे. मी तुकडे नासवलेले असू देत. लोक म्हणू देत, हिला काही येत नाही.

दुसऱ्यांदा सुई लावली तेव्हा बेबीची छाती काळीनिळी झाली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "या वेळी जास्त दुखलं ग," आणि मग हिचा चेहरा बघून, "पण चालतंय, चालतंय."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी तुकडे रात्रभर मुरले. तिने ते डोळ्यांत तेल घालून सांभाळले. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?" ती म्हणाली, "नको. मीच करते." मेणातून काप काढताना हात थरथरेल असं तिला वाटलं होतं. हात थरथरला नाही. सवयीच्या हाताला दुःख कळत नाही.

रंगवून झालं की मॅडमकडे नेण्याआधी काच एकदा बघायची तिची रीत होती. पहिली हार्मोनची काच तिने सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. नमुन्याचा तुकडा तपकिरी. पुढे सरकली. तुकड्याच्या टोकाला एक निरोगी नळी होती.

मागच्या वेळी नव्हती. या वेळी आली होती. एकच, लहानशी, गोल. ती कोरी दिसली असती तर पुन्हा म्हणता आलं असतं की काहीतरी चुकतंय, अजून एकदा करू. तिने भिंग बदललं. नळीच्या कडेच्या पेशी तपकिरी होत्या. स्वच्छ, ठसठशीत तपकिरी. इतकं सुबक काम तिच्या हातून क्वचितच झालं असेल. म्हणजे टेस्ट खरी होती. आणि नळीला खेटून, तिच्या चारी बाजूंनी, वेड्यावाकड्या पेशींचा नुसता बुजबुजाट, निळसर, कोरा. तिने काच वर सरकवली, खाली सरकवली. एक तपकिरी ठिपका, एखादाच, कुठे तरी. नाही. दुसरी काच तशीच. हर-टूची काच तशीच. चौथी काच वेगळ्या कामाची असते. पेशी किती वेगाने वाढतायत ते ती दाखवते, आणि तिथे तपकिरी कमी दिसावं अशी आशा करतात. ती काच भरून तपकिरी होती.

मॅडमनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची वळवून तिचा हात धरला.

"तिन्ही निगेटिव्ह," त्या म्हणाल्या. "म्हणजे पहिल्या वेळचंही बरोबरच होतं. मनाला लावून घेऊ नकोस, तुझ्या हातून काहीच बिघडलं नव्हतं."

मॅडमनी ते मायेनेच म्हटलं होतं. तोवर दगडासारखी उभी असलेली ती तिथेच स्टुलावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मॅडमना आधी वाटलं, सुटका झाल्यासारखी रडतेय. मग त्यांना कळलं आणि त्या उठून दार लोटून आल्या.

बेबीची गाडी मैदानाच्या कडेला उभी होती. शिकणारा पोरगा उतरून निघून गेला होता आणि बेबी शेजारच्या सीटवर बसून पाणी पीत होती. ही जाऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली. एवढी वर्षं बेबी मागे लागली होती, वहिनी शीक, वहिनी शीक. पण ही कधी त्या जागेवर बसली नव्हती.

"अरे वा," बेबी म्हणाली. "शेवटी बसलीस. काय, गाढवपणा पक्का ना?"

हिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"वहिनी."

"नाही ग," ती म्हणाली. "माझं बरोबर होतं. आधीही बरोबर होतं. मी काही चुकले नव्हते ग, बेबी. काही चुकले नव्हते."

बेबीने बाटलीचं झाकण लावलं. नीट फिरवून लावलं. मैदानात कुणीतरी गाडी मागे घ्यायला शिकत होतं आणि ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. बेबी तिकडे बघत राहिली.

"क्लच सोडतोय लवकर," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे ते आडदांड."

"हो."

"केमो."

"हो. लगेच. आधी केमो, मग ऑपरेशन. जोरात करतात आता, बेबी. काही काही जणींना खूप चांगला गुण येतो. खोटं नाही सांगत."

"तू कुठली खोटं सांगतेस," बेबी म्हणाली. "काय मेली हुशार आहेस ग." आणि मग तिचा चेहरा एकदम विस्कटला, लहान मुलीचा विस्कटतो तसा, आणि तिने वहिनीच्या खांद्यात तोंड खुपसलं. ही तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. बाहेरून एकाने वाकून विचारलं की पुढचा क्लास सुरू होतोय का. हिने मान हलवून नाही सांगितलं.

पुष्कळ वेळाने बेबी सरळ बसली. नाक पुसलं.

"दादाला तू सांग," ती म्हणाली. "आईला उद्या सांगू. उद्या डॉक्टरकडे जाऊन आलो की दोघी मिळून सांगू. आज नको."

"विचारतील ग त्या. घरात पाऊल टाकताच विचारतील."

"विचारू दे. सांग, अजून यायचाय रिपोर्ट." बेबीचा आवाज पुन्हा फाटला. "आज तिला तुला शिव्या घालू दे ग, वहिनी. त्यावरच तर उभी आहे ती."

दोघी घरी गेल्या. बेबी डोकं दुखतंय म्हणून सरळ आपल्या खोलीत गेली. सासूबाई टेबलापाशी शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"आला का ग?"

"नाही आई. उद्या."

"उद्या, उद्या. पहिल्याच वेळी नीट केलं असतंस तर हे उद्याचं लोढणं लागलं असतं का गळ्यात? माझी पोर फुकट दोनदा टोचून घेऊन आली. एवढा अनुभव, एवढं नाव, आणि घरच्याच माणसाचं काम नासवलंस."

ती टेबलापाशी उभी होती. आत बेबीच्या खोलीचं दार पुरतं लागलेलं नव्हतं.

"हो आई," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना बहुतेक उलट उत्तराची अपेक्षा असावी. मग त्यांचा सूर उतरला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "रडू नकोस आता. चूक कुणाच्या हातून होत नाही? माणूसच आहेस तू. मी नाही धरत मनात."

"बरं," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून शेंगा निवडायला लागली.